वाचक विचारतात : सर क्रीकची हिरवी रेघ

२०२५ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबर रोजी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुज येथील शस्त्रपूजनाच्या प्रसंगी सर क्रीकचा उल्लेख करून पाकिस्तानला इशारा दिला. तेव्हापासून बडोद्याच्या वाचकांनी या विषयावर जे प्रश्न पाठवले, त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांचा मजकूर जागेअभावी संक्षेपाने घेतला आहे.

कारेलीबागेतील एका वाचकांचा प्रश्न : काश्मीरचा वाद लहानपणापासून ऐकत आलो, पण आपल्याच गुजरातच्या टोकाला असलेला हा वाद नेमका कशाचा, हे कोणी नीट सांगत नाही. सर क्रीक म्हणजे नदी की खाडी, आणि वाद सुरू कधी झाला?

सर क्रीक ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिला बारमाही नदीचे पाणी नाही. अरबी समुद्र भरतीला तिच्यात शिरतो आणि ओहोटीला मागे सरतो. आपण नारायण सरोवराच्या यात्रेला गेला असाल, तर कोटेश्वराच्या देवळामागची कोरी खाडी पाहिली असेलच. सर क्रीक तिच्याही पश्चिमेला आहे आणि तिथे यात्रेकरूंना जाता येत नाही, पण दोन्हींचे रूप सारखेच. कोटेश्वरला मी एकदा ओहोटीच्या वेळी पायरीवर बसलो होतो. सकाळी जिथे पाणी चकाकत होते, तिथे दुपारी राखाडी चिखल उघडा पडला होता, तिवरांची मुळे बोटांसारखी वर आली होती, आणि काठ कुठे संपतो व खाडी कुठे सुरू होते, हे डोळ्यांना सांगता येत नव्हते. सीमा आखायची ती असल्या जमिनीवर, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे बरेच समजते.

या भूभागाचा स्वभावच मुळी बदलता आहे. एके काळी सिंधूची एक पूर्वेकडील शाखा कोरी खाडीतून समुद्राला मिळत असे आणि तिच्या पाण्यावर लखपतच्या परिसरात भात पिकत असे. कच्छ आणि सिंध यांच्यातील १७६२ च्या झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधचा राज्यकर्ता गुलाम शाह कल्होरा याने बांध घालून ते पाणी अडवले. पुढे १६ जून १८१९ च्या भूकंपाने रणात लांबच लांब उंचवटा उभा राहिला, त्यालाच लोक ‘अल्लाह बंद’, म्हणजे देवाने घातलेला बांध, म्हणू लागले. सिंदडीचा किल्ला पाण्यात गेला आणि नदीची वाट जवळजवळ मिटली. लखपतच्या तटावर आज उभे राहिले तर समोर निव्वळ पांढरा, सपाट, ओसाड विस्तार दिसतो. तिथे कधीकाळी बंदर होते, गलबते लागत होती, यावर विश्वास बसत नाही.

वादाची ठिणगी मात्र फार किरकोळ होती. १९०८ च्या सुमारास खाडीकाठच्या जळाऊ लाकडावर हक्क कोणाचा, कच्छच्या रावांचा की सिंधच्या कमिशनरांचा, असा प्रश्न निघाला. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचा भाग होता आणि कच्छ हे संस्थानही ब्रिटिशांच्या मांडलिकीत होते. म्हणजे एका घरातल्या दोन भावांचे भांडण मुंबईच्या कचेरीत गेले, आणि तिथे जो निवाडा झाला त्याच्या भाषेवर आज दोन अण्वस्त्रधारी देश अडून बसले आहेत.

मांडवी भागातील एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न : दोन्ही देश १९१४ च्या एकाच ठरावाचा दाखला देतात, असे वाचले. एकच कागद दोघांच्या बाजूने कसा असू शकतो?

आपला प्रश्न वादाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सिंधचे म्हणणे होते की त्याची हद्द कोरी खाडीपर्यंत आहे. कच्छच्या महाराव खेंगारजींना ते मान्य नव्हते. मुंबई सरकारने २४ फेब्रुवारी १९१४ च्या ठरावाने तडजोड मंजूर केली. त्या ठरावाच्या नवव्या परिच्छेदात सीमेचे वर्णन आहे: सर क्रीकच्या मुखापासून तिच्या माथ्यापर्यंत, माथ्यापासून निळ्या तुटक रेघेने सरळ पूर्वेकडे, आणि पुढे जांभळ्या रेघेने दाखवलेल्या सिंधच्या हद्दीपर्यंत. सोबत नकाशा जोडला होता. त्या नकाशात खाडीलगतची सीमा हिरव्या रेघेने दाखवलेली आहे आणि ती हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठावरून, म्हणजे कच्छच्या बाजूने जाते. पाकिस्तानचा सगळा भर या हिरव्या रेघेवर आहे. सीमा पूर्व काठावर असेल तर अख्खी खाडी सिंधची, पर्यायाने पाकिस्तानची ठरते.

परंतु ठराव नवव्या परिच्छेदावर संपत नाही. दहाव्या परिच्छेदात सिंधच्या कमिशनरांचेच मत नोंदवले आहे की सर क्रीक वेळोवेळी आपला मार्ग बदलते, म्हणून सीमेचे वर्णन ‘खाडीच्या नौकानयनयोग्य प्रवाहाचा मध्य’ असे असावे. आंतरराष्ट्रीय कायद्यात या तत्त्वाला ‘थालवेग’ म्हणतात: दोन राज्यांमध्ये होड्या चालण्याजोगा प्रवाह असेल तर सीमा त्या प्रवाहाच्या मध्यातून जाते. भारताची भूमिका अशी की हिरवी रेघ केवळ सीमेची दिशा दाखवणारी जाड रेघ आहे, खरी सीमा मध्यातून जाते. १९२४ मध्ये सीमास्तंभ उभारले गेले आणि १९२५ च्या नकाशात खाडीच्या मध्यातून चिन्हे दाखवली आहेत, हा भारताचा पुढचा आधार आहे. पाकिस्तान उत्तर देतो की थालवेग हे तत्त्व नद्यांसाठी आहे, आणि ही तर भरतीची खाडी, तीही नौकानयनास अयोग्य. त्यावर भारताचे म्हणणे की भरतीच्या वेळी मच्छीमारांच्या होड्या तिच्यातून सर्रास जातात-येतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते दहाव्या परिच्छेदाच्या बाजूने आहे, आणि ते केवळ भारतीय म्हणून नव्हे. रेघ कागदावर अचल राहते. खाडी चिखलात सरकत राहते. ‘खाडी मार्ग बदलते’ हे ज्याने लिहून ठेवले तो सिंधचाच अधिकारी होता, आणि ज्या सरकारने नकाशा काढला त्यानेच ते वाक्य ठरावात घेतले. नकाशातल्या रंगापेक्षा ते वाक्य वजनदार मानले पाहिजे. तरीही न्याय्य बुद्धीने हेही सांगितले पाहिजे की सीमा काठावर दाखवून मजकुरात मध्यावर सांगणारा कागद ज्यांनी लिहिला, त्यांनी पुढच्या पिढ्यांवर उपकार केले नाहीत. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते की १९३६ मध्ये सिंध मुंबईपासून वेगळा होईल, १९४७ मध्ये तो परक्या देशात जाईल, आणि कच्छ १९४८ मध्ये भारतात विलीन होऊन १९५६ ते १९६० या काळात मुंबई राज्यात येईल.

अलकापुरीतील एका वाचकांचा प्रश्न : जिथे माणूस राहत नाही, पीक येत नाही, अशा दलदलीसाठी एवढा आटापिटा का? निम्मी निम्मी करून मोकळे व्हावे.

चिखलाचे मोल खरोखरच अल्प आहे. मोल आहे ते खाडीच्या मुखाचे. जमिनीची सीमा समुद्राला जिथे भिडते, त्या बिंदूपासून समुद्रातली सीमा सुरू होते. १९७६ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही सागरी हद्दींचे कायदे केले. पुढे १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासेमारी, तेल व वायू यांच्यावरचा हक्क मान्य केला. आता कल्पना करा की कोनमापकाचा मध्यबिंदू किनाऱ्यावर काही किलोमीटर पूर्वेला सरकला; तेथून ३७० किलोमीटर आत जाईपर्यंत फरक हजारो चौरस किलोमीटरांच्या घरात जातो. १९१४ मध्ये भांडण सरपणाचे होते, आज ते समुद्राचे आहे. म्हणून ‘निम्मी निम्मी’ हा आपला उपाय दिसतो तितका सोपा नाही. अर्थात, सीमा मध्यातून जावी, ही भारताची मागणी तरी जवळपास तशीच आहे.

मांजलपूरमधील एका विद्यार्थ्याचा प्रश्न : १९९९ मध्ये पाकिस्तानी विमान पाडले गेले, त्याचा सर क्रीकशी संबंध होता का?

होता. १० ऑगस्ट १९९९ रोजी पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ हे टेहळणी विमान याच परिसरात भारतीय वायुसेनेच्या मिग-२१ ने पाडले आणि त्यातील १६ जण मृत्युमुखी पडले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, पण या खटल्यात आपल्याला अधिकारक्षेत्र नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने २१ जून २००० रोजी दिला. सीमा पक्की नसेल तर विमान कोणाच्या हद्दीत होते, हा प्रश्नही वादात जातो.

दांडिया बाजारातील एका ज्येष्ठ वाचकांचा प्रश्न : १९६५ च्या चकमकीनंतर कच्छच्या रणाचा वाद लवादाकडे गेला होता आणि निकालही लागला होता. मग सर क्रीक तेव्हाच का सुटली नाही? आणि आजही तसाच लवाद का नेमू नये?

आपल्याला तो काळ आठवत असेल. माझ्याही वडिलांच्या तोंडी सरदार पोस्ट या रणातल्या भारतीय चौकीचे नाव नेहमी असे. पाकिस्तानचे म्हणणे होते की रण हा एक मृत समुद्र आहे, म्हणून त्याच्या मध्यातून, २४ व्या अक्षांशाच्या आसपास, सीमा जावी आणि त्याच्या उत्तरेचा सुमारे ३,५०० चौरस मैलांचा प्रदेश आपल्याला मिळावा. ९ एप्रिल १९६५ रोजी सरदार पोस्टवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला आणि केंद्रीय राखीव पोलिसांच्या मूठभर जवानांनी तो परतवला. तो दिवस आजही त्या दलात शौर्यदिन म्हणून पाळला जातो. सैन्य नव्हे, तर पोलीस सीमेवर उभे होते, ही गोष्ट देशाच्या मनाला लागली, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली.

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी युद्धविरामाचा करार झाला आणि वाद तीन सदस्यांच्या न्यायाधिकरणाकडे सोपवला गेला. भारताने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर यांना नेमले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेझाम यांना, आणि अध्यक्ष झाले स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्याने वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे नव्वद टक्के भाग भारताला आणि सुमारे दहा टक्के पाकिस्तानला मिळाला. कंजरकोट, छाड बेट आणि धारा बन्नी पाकिस्तानकडे गेली. सिंधमधील नगर पारकरच्या दोन्ही अंगांना आत शिरलेल्या रणाच्या चिंचोळ्या पट्ट्याही त्याला देण्यात आल्या, कारण परक्या हद्दीचे ते खोल कोपरे कायम कलहाला आमंत्रण देतील, असे अध्यक्षांना वाटले. बेबलर यांनी या निर्णयाशी असहमती नोंदवली.

त्या सुनावणीत सर क्रीक मुळी वादाचा विषयच नव्हती. खाडीच्या मुखापासून माथ्यापर्यंत आणि तिथून निळ्या तुटक रेघेने पूर्वेला ठरावीक बिंदूपर्यंतच्या सीमेबद्दल आमच्यात वाद नाही, असे दोन्ही पक्षांनी सांगितले, आणि न्यायाधिकरणाने त्या बिंदूच्या पुढचीच सीमा ठरवली. त्या वेळी २०० सागरी मैलांचा कायदा अस्तित्वात नव्हता. ज्याला त्याला आपापला अर्थ स्पष्ट वाटत होता, आणि समोरच्याचा अर्थ वेगळा आहे, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. ती एक ओळ तेव्हाच स्पष्ट करून घेतली असती तर पुढची पन्नासहून अधिक वर्षे वाचली असती, ही हळहळ मला नेहमी वाटते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. निवाडा येताच देशात संतापाची लाट उसळली. ‘कच्छ सत्याग्रह’ झाला, विरोधी पक्षांचे कार्यकर्ते सीमेकडे निघाले आणि पकडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न होता की भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी की नको. जानेवारी १९६९ मध्ये न्यायालयाने मगनभाई ईश्वरभाई पटेल खटल्यात निर्णय दिला की हे प्रदेशाचे दान नसून वादग्रस्त सीमेची निश्चिती आहे, म्हणून घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. कायद्याने प्रश्न सुटला, राजकारणात तो सुटला नाही. नव्वद टक्के मिळाले, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. दहा टक्के गेले, हे मात्र प्रत्येक सभेत सांगितले गेले. दिल्लीतल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारला त्यानंतर परक्या लवादाचे नाव काढण्याचे धैर्य झालेले नाही. शिवाय १९७२ च्या सिमला कराराने वाद द्विपक्षीय चर्चेने सोडवायचे ठरले, आणि भारत त्या तत्त्वाला घट्ट धरून आहे. पाकिस्तानने अधूनमधून त्रयस्थाची मागणी केली आहे, भारताने ती मानलेली नाही. भारताचा हा आग्रह मला समजतो; परंतु त्रयस्थ नको म्हणणाऱ्यावर समोरासमोर बसून बोलणे चालू ठेवण्याची जबाबदारी दुप्पट येते, असेही मला मनापासून वाटते.

याच वाचकांचा उपप्रश्न : मग चर्चा झाल्याच नाहीत का?

झाल्या, आणि बऱ्याच पुढे गेल्या होत्या. सर क्रीकवरची पहिली स्वतंत्र फेरी १९८९ मध्ये झाली. २००४ नंतरच्या संवादात कामाला वेग आला आणि २००७ च्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या सर्वेक्षकांनी एकत्रित मोजणी करून खाडीचा व लगतच्या समुद्राचा एकच नकाशा तयार केला. परस्परांच्या नकाशांवर अविश्वास दाखवणारे दोन देश एका होडीतून खोली मोजत फिरले, ही या वादाच्या इतिहासातली मोठी घटना आहे आणि तिची आपल्याकडे नीट दखल घेतली गेली नाही. अडचण उरली ती क्रमाची. भारताने सुचवले की आधी समुद्रातली सीमा बाहेरून आत आखत यावी आणि खाडीचा तुकडा शेवटी घ्यावा. पाकिस्तानचा हट्ट की आधी खाडी, मग समुद्र. त्यानंतर नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि सगळेच थांबले. मे २०११ मध्ये रावळपिंडीत आणि जून २०१२ मध्ये दिल्लीत पुन्हा बैठका झाल्या, पण हाती काही लागले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, गुजरात विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी सर क्रीक पाकिस्तानला देऊ नये, असे पत्र पंतप्रधान मनमोहन सिंग यांना लिहिले, आणि असा काही विचारच नाही, असा खुलासा पंतप्रधान कार्यालयाने केला. सर्वेक्षकांचे काम संपलेले आहे. उरलेले काम स्वाक्षरीचे आहे, आणि स्वाक्षरी करणाऱ्याला दोन्हीकडे देशद्रोही ठरवले जाण्याची भीती आहे.

वाघोडिया रस्त्यावरील एका वाचक भगिनींचा प्रश्न : माझे माहेर डहाणूचे. आमच्या पाड्यावरचा एक तरुण ओख्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. त्याला पाकिस्तानी बोटीने पकडून नेले. होडीवर जीपीएस असताना हे लोक हद्द का ओलांडतात? आणि घरच्यांनी काय करावे?

ताई, आपले पत्र सर्वांत शेवटी घेतले, कारण त्याच्या आधीचे सगळे लिहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नव्हते. ओखा हे नाव बडोद्याच्या माणसाला परके नाही. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्याचाच एक प्रांत होता आणि इथल्या कितीतरी मराठी घरांतले आजोबा-पणजोबा तिथे नोकरीला होते. आज त्याच बंदरातून, तसेच पोरबंदर, वेरावळ आणि जखौ येथून निघालेल्या होड्या पकडल्या जातात, आणि त्यांवर डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण मोठ्या संख्येने असतात.

जीपीएस होडी कुठे आहे हे सांगते. हद्द कुठे आहे हे ते कसे सांगणार, जेव्हा दोन देशांनी ती ठरवलेलीच नाही? नकाशात एक मानीव रेषा असते, पण तिला दोघांची संमती नाही. किनाऱ्याजवळची मासळी कमी झाल्यामुळे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, सिंधूच्या मुखाकडे जावे लागते, कारण पापलेट आणि घोळ ही मासळी तिकडे मिळते. रात्री जाळे टाकलेले असते, ओढ पश्चिमेची असते, इंजिन बंद पडलेले असते. पहाटे समोर पाकिस्तानी सागरी सुरक्षा संस्थेची गस्ती नौका उभी. आपले तटरक्षक दलही पाकिस्तानी मच्छीमारांना असेच पकडते, हे सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. सागरी कायदा कराराचे ७३ वे कलम सांगते की २०० सागरी मैलांच्या या क्षेत्रातील मासेमारीच्या उल्लंघनासाठी, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये आणि पकडलेली होडी व खलाशी वाजवी हमी घेऊन लवकर सोडावेत. भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये हा करार मान्य केला आहे. तरीही ही माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात, आणि त्यांची माणसे आपल्याकडच्या तुरुंगात, शिक्षा संपल्यावरही महिनोन्महिने अडकून राहतात. याचा मला संताप येतो.

आता घरच्यांनी करण्याचे. २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी आपल्या ताब्यातील समोरच्या देशाच्या कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यावे, आणि राष्ट्रीयत्वाची खात्री होऊन शिक्षा पूर्ण झाली की एका महिन्यात त्याला परत पाठवावे, असेही त्यात म्हटले आहे. विलंब होतो तो बहुतेक वेळा राष्ट्रीयत्वाच्या खात्रीत, कारण ती चौकशी शेवटी गावच्या पोलीस ठाण्यापर्यंत येते आणि तिथे नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव किंवा पाड्याचे नाव जुळत नाही. म्हणून त्या तरुणाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला यांवरचे नाव एकसारखे आहे की नाही, ते आताच पाहून घ्यावे. होडीच्या मालकाकडून त्या फेरीच्या टोकनची, म्हणजे समुद्रात जाण्याच्या परवान्याची, प्रत मागून घ्यावी. त्यात खलाशांची नावे असतात, आणि ती देण्यास तो टाळाटाळ करत असेल तर ओख्याच्या मत्स्योद्योग कचेरीत लेखी अर्ज करावा. या सर्वांच्या प्रती पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात व परराष्ट्र मंत्रालयाकडे एकाच दिवशी पाठवून पोचपावती जपून ठेवावी. त्याच्या आईला अर्ज लिहिता येत नसेल तर आपण मला पुन्हा पत्र टाका. मसुदा मी मराठीत आणि गुजरातीत लिहून पाठवीन.